160 सेंटिमीटर आणि 60 टक्के

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले दोन निबंध (पावसाळ्यातील एक दिवस आणि माझा आवडता सण, तिसरा आलाच तर देवाची इच्छा). त्यामुळे संपादक मंडळातली मुलं रूमवर लेख मागायला आली तेव्हा मी इंग्लिश सेक्शनमध्ये पळ काढायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तिकडे फुल्ल आहे, आमच्याकडे पानं रिकामी आहेत." म्हणजे माझं सिलेक्शन मेरिटवर झालेलं नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मंडळाच्या खात्यावर टाकाव्यात.

तर विषय आहे शुन्सुके नाकामुरा. हॉस्टेलमध्ये हे नाव घेतलं की दहापैकी आठ जण विचारतात, "कोण, तो नाकाता का?" नाही. नाकाता वेगळा, हिदेतोशी. तो 29 व्या वर्षी फुटबॉल सोडून जगप्रवासाला निघून गेला. माझा हा नाकामुरा 44 वर्षांचा होईपर्यंत खेळत राहिला. एकाच देशाचे दोन मिडफिल्डर, वयात दीड वर्षाचा फरक आणि स्वभाव दोन टोकांचे. नाकाताबद्दल लिहायला कोणालाही आवडतं, कारण ऐन भरात सगळं सोडून जाणारा माणूस हिरो वाटतो. मला मात्र परत परत दार वाजवणाऱ्या माणसाबद्दल लिहायचं आहे.

माझी त्याची ओळख फ्लुइड मेकॅनिक्सने करून दिली. पेपर दुसऱ्या दिवशी, रात्रीचे दोन वाजलेले आणि मॅग्नस इफेक्ट डोक्यात शिरत नव्हता. नोट्समध्ये एक सिलिंडर, त्याच्याभोवती रेघा आणि खाली "लिफ्ट". बस! म्हणून मोबाईलवर शोधलं, तर एक जुनी क्लिप निघाली. 21 नोव्हेंबर 2006, ग्लासगो, चॅम्पियन्स लीग, सेल्टिक विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. 81 वं मिनिट, स्कोअर 0-0. बॉल गोलपासून बराच लांब. समोर 9.15 मीटरवर युनायटेडच्या खेळाडूंची भिंत, त्यांच्यामागे एडविन व्हान डर सार, म्हणजे साडेसहा फुटाचा गोलकीपर. नाकामुराने बॉल ठेवला, दोन-चार पावलं मागे गेला आणि डावा पाय फिरवला. बॉल भिंतीच्या डोक्यावरून गेला, हवेत वळला आणि वरच्या कोपऱ्यात जाऊन जाळीला लागला. व्हान डर सारने उडी मारली, पण ती नुसती फोटोसाठी.

डाव्या पायाच्या आतल्या बाजूने कापून मारलेला बॉल स्वतःभोवती फिरत जातो. एका बाजूला त्याची फिरकी हवेच्या प्रवाहाबरोबर असते, दुसऱ्या बाजूला उलट. त्यामुळे बॉलच्या मागे सुटणारी हवा एका बाजूला ढकलली जाते आणि बॉल दुसऱ्या बाजूला. झालं, हाच मॅग्नस इफेक्ट! दुसऱ्या दिवशी पेपरात तो आठ मार्कांना आला. मी सिलिंडरऐवजी फुटबॉल काढला आणि मला सात मिळाले. (एक मार्क कुठे गेला ते अजून कळलेलं नाही. सर हे वाचत असतील तर...)

त्या एका गोलमुळे सेल्टिक चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमधून पहिल्यांदाच पुढच्या फेरीत गेलं. गंमत म्हणजे त्याच सीझनमध्ये 13 सप्टेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवर त्याने ह्याच कीपरला असाच फ्री किक गोल मारला होता. ती मॅच युनायटेडने 3-2 जिंकली म्हणून तो गोल कमी लोकांना आठवतो. म्हणजे व्हान डर सारला पेपर आधीच फुटलेला होता आणि तरीही तो नापास झाला.

पेपर संपल्यावर मी ह्या माणसाची सगळी कुंडली काढली आणि तिथे मला जे सापडलं त्याच्यासाठी हा लेख आहे.

नाकामुरा योकोहामाचा, जन्म 24 जून 1978. शाळेत असताना तो योकोहामा मारिनोसच्या 15 वर्षांखालच्या टीममध्ये होता. जपानची व्यावसायिक लीग, म्हणजे जे लीग, 1993 मध्ये सुरू झाली. क्लबची 15 खालची टीम, मग 18 खालची टीम आणि मग मोठी टीम, अशी शिडी असते. प्रत्येक पायरीवर गाळणी. पंधराव्या वर्षी नाकामुरा ह्या गाळणीत अडकला. उंची साधारण 160 सेंटिमीटर, अंग किरकोळ, धक्का लागला की खाली. बरोबरीची मुलं भराभर वाढत होती आणि हा होता तिथेच. त्या वर्षी टीममधली त्याची जागाही पक्की राहिली नव्हती. क्लबने त्याला पुढच्या टीममध्ये घेतलं नाही.

आता मला सांगा, क्लबचं चुकलं का? मी बरेच दिवस "हो, चुकलं" असं म्हणत होतो. आता म्हणत नाही. तो खरंच लहान होता. मोजपट्टी खोटी नव्हती, प्रशिक्षकाचा त्याच्यावर राग नव्हता. त्या दिवशी त्या मैदानावर जे दिसलं त्यावरून त्यांनी ठरवलं. आपल्याकडे अशी गोष्ट सांगताना आपण लगेच नकार देणाऱ्याला व्हिलन करतो. मला व्हिलन नको आहे. मला विचारायचं आहे की नकार मिळाल्यावर ह्या मुलाला जायला दुसरी जागा होती का?

होती. जपानमध्ये क्लबच्या शिडीला समांतर दुसरी शिडी आहे, हायस्कूल फुटबॉलची. ती क्लबांपेक्षा कितीतरी जुनी आहे. दर हिवाळ्याच्या सुट्टीत देशभरातल्या हायस्कूलची स्पर्धा होते. टीव्हीवर दाखवतात, स्टेडियम भरतात, हरलेली मुलं ढसाढसा रडतात आणि देश बघतो. नाकामुरा कावासाकी शहरातल्या तोको गाकुएन ह्या हायस्कूलमध्ये गेला. तिथे त्याची उंची वाढली (पुढे तो 178 सेंटिमीटर झाला, म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्तच). तिथे त्याने वही लिहायला सुरुवात केली. आज काय जमलं, काय जमलं नाही, पुढे काय करायचं, हे सगळं तो वहीत लिहायचा. ही सवय त्याने मोठा खेळाडू झाल्यावरही सोडली नाही आणि 2009 मध्ये त्या वह्यांवर पुस्तकसुद्धा निघालं. आपण जर्नल लिहितो ते सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याचं बघून. हा माणूस कोणी सही करणार नसताना लिहीत होता!

जानेवारी 1997 मध्ये तोको गाकुएन हायस्कूल स्पर्धेच्या फायनलला पोचलं आणि 2-1 ने हरलं. त्याच वर्षी ज्या क्लबने त्याला तीन वर्षांपूर्वी घरी पाठवलं होतं त्याच मारिनोसने त्याला मोठ्या टीममध्ये घेतलं. "आम्ही एकदा नाही म्हटलंय, आता आमच्या रेकॉर्डला बसत नाही" असं कोणी म्हटलं नाही. 2000 साली तो जे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वय 22.

इथे थांबलो तर ही बोधकथा होईल. पण 2002 आहे ना! जपान आणि कोरिया मिळून वर्ल्ड कप भरवत होते आणि फायनल होती नाकामुराच्या स्वतःच्या गावात, योकोहामाच्या स्टेडियमवर. जपानचा कोच होता फ्रान्सचा फिलिप त्रूसिए. मे 2002 मध्ये त्याने 23 जणांची यादी दिली आणि त्यात नाकामुरा नव्हता. दोन वर्षांपूर्वी लीगमध्ये सर्वोत्तम ठरलेला, एशियन कप जिंकून आलेला मुलगा, घरच्या वर्ल्ड कपला बाहेर. आणि त्रूसिएची टीम चांगली खेळली, हेही खरं. ग्रुपमध्ये पहिली आली, पुढे तुर्कस्तानकडून 1-0 ने हरली. म्हणजे "बघा, मी नव्हतो म्हणून हरलात" असं म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही. मला वाटतं हा नकार पंधराव्या वर्षीच्या नकारापेक्षा वाईट. पहिल्यात उंची नावाचं कारण तरी होतं.

मग तो इटलीला गेला. रेजिना नावाचा क्लब, इटलीच्या बुटाच्या अगदी टोकावरचा. दर वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये पडू की काय ह्या भीतीने खेळणारी टीम. तीन वर्षं तिथे काढली. 2004 चा एशियन कप जपानने जिंकला तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच होता. 2005 मध्ये सेल्टिक, कोच गॉर्डन स्ट्रॅकन. तिथे ओळीने तीन लीग विजेतेपदं आणि 2007 मध्ये स्कॉटलंडच्या खेळाडूंनी आणि पत्रकारांनी, दोघांनीही त्याला वर्षातला सर्वोत्तम ठरवलं. स्कॉटलंड म्हणजे जिथे धक्काबुक्कीला फुटबॉल म्हणतात, असं माझ्या शाळेतले कोच म्हणायचे. तिथे जाऊन ह्या किरकोळ माणसाने हे केलं. 

पुढचं भराभर सांगतो, कारण पुढे सगळं गोड नाही. 2009 ला स्पेनच्या एस्पान्योलमध्ये गेला, जमलं नाही, काही महिन्यांत मारिनोसला परतला. 2010 च्या वर्ल्ड कपला ऐनवेळी टीममधली जागा गेली. पूर्ण स्पर्धेत तो फक्त नेदरलँड्सविरुद्ध बदली म्हणून आला. देशासाठी 98 सामने आणि 24 गोल, तिथेच थांबला. 100 सुद्धा नाही! 2013 मध्ये 35 व्या वर्षी तो पुन्हा जे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. हा मान दोनदा मिळवणारा तो पहिलाच. पण त्याच वर्षी मारिनोसने हातातलं विजेतेपद शेवटच्या दोन मॅच हरून घालवलं. मैदानावर बसून रडणाऱ्या नाकामुराचा फोटो बघितलात तर कळेल. एवढी वर्षं खेळून जपानची लीग त्याने कधीच जिंकली नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची मॅच खेळला. जे लीगच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये थेट फ्री किकवर 24 गोल, हा त्याचा विक्रम.

आता 2010 मध्ये त्याची जागा कोणी घेतली? केइसुके होंडा! आणि हा होंडा कोण? गाम्बा ओसाका क्लबच्या 15 खालच्या टीममधून ज्याला वर घेतलं नाही तो. तोही हायस्कूलला गेला, कानाझावाच्या सेर्योला. पुढे 2010, 2014 आणि 2018 अशा तीन वर्ल्ड कपमध्ये त्याने गोल केले. त्याच्याबरोबर गाम्बात आकिहिरो इएनागा नावाचा मुलगा होता, दोघांची जन्मतारीखसुद्धा एकच. क्लबने इएनागाला वर घेतलं, होंडाला नाही. आणि इएनागासुद्धा वाया गेला नाही, 32 व्या वर्षी, 2018 मध्ये, जे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. काओरू मितोमाचं तर उलटंच. कावासाकीच्या क्लबने मोठ्या टीममध्ये बोलावलं, तर हा "आधी युनिव्हर्सिटी करतो" म्हणून त्सुकुबाला गेला, ड्रिब्लिंगवर प्रबंध लिहिला आणि नंतर क्लबमध्ये आला. म्हणजे तिथे तीन-तीन दारं आहेत आणि कुठल्या दाराने आलास हे आत आल्यावर कोणी विचारत नाही.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. स्टाफ मेंबर्सनी प्लीज इथे पान उलटू नये.

आपल्या नोटीस बोर्डवर ह्या सेमला सोळा कंपन्यांच्या नोटिसा लागल्या. मी मोजल्या. अकरांमध्ये एक ओळ सारखी होती: दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि डिग्री, तिन्हीकडे किमान 60 टक्के. हॉस्टेलच्या भाषेत "थ्रूआउट साठ". मला दहावीला 91 आहेत. इंजिनिअरिंगचा सीजीपीए आत्तापर्यंत 8.6. बारावीला 58.4. त्या वर्षी घरी काय झालं ते मी इथे लिहिणार नाही, तो विषय नाही. आणि समजा काहीच झालं नसतं, मी नुसता टवाळक्या करत फिरलो असतो, तरी माझा मुद्दा बदलत नाही. 58.4 हा आकडा खरा आहे, पेपर मीच लिहिले होते. पण तो सतरा वर्षांच्या मुलाचा आकडा आहे. एका मोठ्या कंपनीच्या ऑनलाईन फॉर्ममध्ये मी तो भरला आणि पुढचं बटणच आलं नाही. टेस्ट नाही, इंटरव्ह्यू नाही, "सॉरी"सुद्धा नाही. नाकामुराला निदान कोणीतरी खेळताना बघून नाही म्हटलं होतं.

मला माहीत आहे समोरून काय उत्तर येतं. "हजार अर्ज येतात, कुठेतरी रेघ मारावी लागते." मान्य. गाळणीशिवाय चहा कोणालाच नको. पण जिथे तीन वर्षांचे सहा सेमिस्टरचे मार्क हातात आहेत तिथे गाळणी बारावीची कशाला? आणि "नाकामुरा नकारामुळे मोठा झाला, तूही हो" असं जे मोटिव्हेशनल लेक्चर मिळतं ते मला अजिबात पटत नाही. पंधराव्या वर्षी घरी पाठवलेली सगळी मुलं नाकामुरा झाली का? ज्यांनी फुटबॉल सोडला त्यांच्यावर कोणी पुस्तक काढत नाही. नकाराने काही घडवलं नाही, हायस्कूलच्या त्या दुसऱ्या मैदानाने घडवलं.

आणि दुसरं दार आपल्याकडे नाही असंही नाही. आपल्या वर्गात डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेली मुलं बघा. पहिल्या महिन्यात एम-थ्रीमध्ये त्यांची तारांबळ उडते आणि वर्कशॉपमध्ये आपली. थर्ड इयरला आल्यावर कोण कुठून आलं हे प्रोजेक्ट ग्रुप करताना कोणाच्या लक्षातही नसतं. सरकारने एक समांतर शिडी ठेवली म्हणून ही मुलं इथे आहेत. मग कंपन्यांपुढे आपल्या प्लेसमेंट सेलने निदान एवढं मांडून बघावं: ज्यांचा आत्ताचा सीजीपीए 8 च्या वर आहे त्यांना दहावी-बारावी न बघता लेखी टेस्टला बसू द्या. नुसती टेस्ट. नापास झालो तर आम्ही गप्प बसू. पत्राचा मसुदा मी तयार केला आहे, इंग्रजीत, त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही. 23 जणांच्या सह्या झाल्या आहेत.

इथपर्यंत लिहून मी लेख देणार होतो. पण रूम पार्टनरने वाचला आणि म्हणाला, "आणि तू काय केलंस रे गडहिंग्लजवाल्याचं?"

हे सांगावंच लागेल. इंटर-हॉस्टेलच्या टीमचं सिलेक्शन सप्टेंबरमध्ये मी आणि दोन सिनिअर्सनी केलं. फर्स्ट इयरचा एक मुलगा आला होता, गडहिंग्लजचा. काडीसारखा, पायात शिवलेले बूट. मी त्याला दहा मिनिटं खेळवलं. आमच्या बॅकने खांदा लावला, तो पडला आणि मी वहीत नावापुढे फुली मारली. मला कॉन्व्हेंटच्या फुटबॉलचा केवढा माज! आमच्याकडे फादर होते, हिरवळ होती, जर्सी होत्या. कोल्हापूरकडे फुटबॉल म्हणजे काय असतं, शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला किती माणसं येतात आणि गडहिंग्लजला लोक फुटबॉलचे किती वेडे आहेत, ह्यातलं मला ओ की ठो माहीत नव्हतं. दिवाळीनंतर एकदा मेसच्या मागे चपलांचे गोलपोस्ट करून खेळताना तो दिसला. डावा पाय. पाण्याच्या टाकीवरून बॉल वळवून चपलांमधून घालत होता, एकदा नाही, चारदा. 

आम्ही ती टूर्नामेंट पहिल्याच राउंडला हरलो होतो, हे सांगायची गरज नाही.

मी त्याला जाऊन म्हटलं, "पुढच्या टीमला ये." तर म्हणाला, "बघू की दादा, सबमिशन झाल्यावर." चेहरा असा की येणार नाही. बरोबर आहे त्याचं. एकदा फुली मारणाऱ्याने परत बोलावलं तर ट्रायल खरी आहे की उपकार आहेत हे त्याला कसं कळणार? मग मी दोन्ही सिनिअर्सशी भांडून एक गोष्ट करून घेतली आहे. ह्यापुढे सिलेक्शन एकदाच नाही, दर सेममध्ये दोनदा. आधी काढलेल्यांना पहिला नंबर, प्रत्येकाला पूर्ण अर्धा तास आणि फुली मारायची तर पुढे कारण लिहायचं. वही हॉस्टेल ऑफिसमध्ये ठेवली आहे, कोणीही बघू शकतो.

पुढची ट्रायल सबमिशन संपतात त्या शनिवारी, संध्याकाळी साडेपाचला, मेसच्या मागच्या ग्राउंडवर. बूट नसले तरी चालतील, सेकंड इयरवाल्यांकडून चार जोड जमवले आहेत, आठ, नऊ आणि दोन दहा नंबर. सात नंबरचा जोड कोणाकडे पडून असेल तर आमच्या रूमवर आणून द्या. त्याला सातच लागतो, मी विचारून ठेवलं आहे.